जानरावाचा नबाबी आजार

अकोटजवळच्या त्या गावात जानरावाला आधी कुणी विचारत नव्हतं. काळ्या मातीचं वावर, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि बैलांमागं दिवसभर पायपीट, एवढाच त्याचा संसार. मग सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत गोरे आपसात लढायला लागले आणि त्यांच्या भांडणाचा प्रसाद जानरावाच्या वावरात पडला. तिकडचा कापूस अडकला आणि इथल्या कापसाला असा भाव आला की त्यानं ज्वारी पेरायचीच सोडली. ज्वारी खाणाऱ्यांशी बोलताना त्याची मान आपोआप वर जाऊ लागली.

घरात सकाळी पुऱ्या, दुपारी साखरभात, आणि कुणी उमरावतीला गेलं की येताना जिलबी. वावरात जायचं तर बैलांच्या दमणीत बसून. पायी चालणं हे गड्यांचं काम. बघता बघता पोट सुटलं. गावाला ते लक्ष्मीचं लक्षण वाटलं, त्याला तर वाटलंच. त्याच्या बायकोला, मैनाबाईला, मात्र दुसरंच दिसत होतं. नवरा घागरभर पाणी पितो तरी तहान भागत नाही. पायाची जखम भरायचं नाव घेत नाही. अंगणात सख्खा मेहुणा उभा राहिला तरी विचारतो, "कोन हाय?"

तिनंच हकीम इनायतुल्लांना बोलावलं. सासऱ्याच्या वेळेपासून घरातलं दुखणंखुपणं तेच बघत. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग परसात जानराव जिथं लघवीला बसायचा तिथं जाऊन वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग लागली होती.

"भाऊ, हा मधुमेह हाय," हकीम म्हणाले. "नबाब-जमीनदारायले होते हा. साखर, गूळ, भात बंद. जवारीची भाकर खा, कारलं खा, मेथी खा, अन् वावरात पायी जा. नाही त आधी पाय जाईन, मंग डोये, मंग तुमी."

यातला एकच शब्द जानरावाच्या कानात शिरला: नबाब. पोरगा झाल्याची बातमी आल्यासारखा त्याचा चेहरा खुलला. संध्याकाळी चावडीवर त्यानं आपला आजार स्वतःच जाहीर केला. नत्थुजी देशमुख, ज्याच्या घरी जानरावाच्या बापानं वर्षाच्या बोलीवर सालदारकी केली होती, तो दुसऱ्याच सकाळी आपल्या परसात मुंग्या शोधायला लागला. आठवड्याभरात गावातले मातबर एकेक करून हकिमांच्या दारात. आमच्याकडे मुंग्या का येत नाहीत, ही त्यांची तक्रार. तुम्ही धडधाकट आहात, असं हकिमांनी सांगितलं, तर बिचारे अपमान झाल्यासारखे परतले.

पथ्य राहिलं बाजूला. मैनाबाईनं भाकर वाढली, तर जानराव गरजला, "काहून? मी सालदार हावो का? लोकं म्हनतील, जानराव बुडाला!"

"लोकायचं जाऊ द्या. हकीमसायेब म्हनतात, डोये जातील."

"जाऊ दे. पैसा हाय. पाहून सांगाले मानूस ठेवीन."

मैनाबाईला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मग गोऱ्यांची लढाई संपली. जानरावाला न विचारताच संपवली, हे त्याला फार लागलं. भाव कोसळला. दमणी गेली, साखर गेली, जिलबी गेली. पुन्हा ज्वारी पेरावी लागली आणि बैलांमागं चालावं लागलं. गाव कपाळाला हात लावून बसलं होतं, तेव्हा मैनाबाई पदराआड हसत होती. हकिमांना जे जमलं नाही ते बाजारानं केलं. तहान शमली, जखम सुकली. एक दिवस जानराव ओट्यावरून म्हणाला, "तो देवीदास येऊन राहिला," आणि लांबून येणारा माणूस खरोखरच शेजारचा देवीदास निघाला. तिच्या डोळ्यांना धार लागली. जानराव मात्र सुतक आल्यासारखा वागत होता. तब्येत कशी आहे असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "हाय ना अजून थोडा थोडा मधुमेह."

पुढच्या वर्षी, वावरात ज्वारीच्या जोडीला पेरलेल्या कापसाला बोंडं धरलेली असताना, देवीदास अकोटच्या बाजारातून धावत आला. भाव पुन्हा चढला होता! बाहेर एकच गलका झाला. जानराव जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा तसाच टाकला, ताट सरकवलं आणि म्हणाला, "अवं, साखर आन."

मैनाबाई उठली नाही. तिनं चुलीपुढं हात जोडले आणि शेतकऱ्याच्या बायकोनं कधी मागू नये ते मागितलं.

"देवा, यंदा आमच्या वावरात कीड पडू दे. मानूस तेवढा राहू दे."