सदस्यपानावरचा मोबाइल नंबर

कालिंदी टिपणीस भित्र्या होत्या आणि ते त्या कुणापासून लपवत नसत. अनोळखी नंबरावरून फोन आला की तो वाजायचा थांबेपर्यंत पालथा ठेवायच्या. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घराचं दार साखळी लावूनच उघडायचं. विमा कंपनीत एकतीस वर्षं नोकरी केली, पण साहेबांच्या केबिनमध्ये बोलावल्याशिवाय एकदाही गेल्या नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांना इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश सापडला. तिथे कुणीही यावं, लेख लिहावा, दुसऱ्याचा सुधारावा. त्यांनी ‘बोरूशाई’ असं सदस्यनाव घेतलं. चेहरा नाही, पत्ता नाही. इतकं धीट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हळूहळू नवख्यांना सांभाळणं हे त्यांचं काम होऊन बसलं. कुणी पहिलाच लेख लिहावा, दुसऱ्याने तो पाच मिनिटांत पुसावा आणि लिहिणाऱ्याने दुखावून कायमचं निघून जावं, हे त्यांना बघवत नसे. मग त्या नवख्याच्या चर्चापानावर जाऊन लिहायच्या, ‘रागावू नका. वाक्य चांगलं आहे. फक्त ते कुठून घेतलं ते सांगा.’ दादरच्या एका वाचनालयाने शनिवारी दुपारी वर्ग घ्यायला विचारलं तेव्हा त्यांनी दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा हो. वर्गात त्या नुसत्या ‘कालिंदीताई’ होत्या. आडनाव कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या वर्गात ललिता वैती आल्या. शीव कोळीवाड्यात जन्मलेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, खणखणीत आवाजाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ताई, आमच्या कोळीवाड्यावर तीन ओळी आहेत तुमच्या कोशात. तीन! त्यातली एक चुकीची.”

“मग लिहा ना,” कालिंदीताई म्हणाल्या. “पण आठवणीतलं नको. छापलेलं काहीतरी हवं.”

ललिताबाईंनी वाचनालयातच एक जुना अहवाल शोधून काढला. मासळी सुकवायची मोकळी जागा साऱ्या वस्तीची सामाईक आहे, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. त्या जागेवर हल्ली बिल्डरांचा डोळा होता. ते वाक्य त्यांनी संदर्भासकट लेखात घातलं. उत्साहाच्या भरात आपलं सदस्यपानही सजवलं. नाव, शाळा, गल्ली, आणि ‘माहिती हवी असल्यास फोन करा’ म्हणून मोबाइल नंबर. कालिंदीताईंनी ते पान पाहिलं. नंबरही पाहिला. त्या वेळी दुसऱ्या एकीचा पासवर्ड हरवला होता, तिकडे जायची घाई होती. “छान झालंय हो,” एवढंच म्हणून त्या पुढे सरकल्या.

तीन आठवड्यांनी कुणीतरी ते वाक्य काढून टाकलं. नवंच खातं होतं, कारण काही दिलेलं नव्हतं. कालिंदीताईंनी नेहमीप्रमाणे वाक्य परत घातलं. पुन्हा काढलं गेलं, त्यांनी पुन्हा घातलं. मंगळवारी सकाळी चहा घेताना त्यांनी ललिताबाईंचं चर्चापान उघडलं. तिथे लिहिलं होतं, ‘बाई, नंबर इथेच मिळाला. गल्लीपण कळली. समोरासमोर बोलू.’ आणि खाली, ‘बोरूशाई कोण तेपण शोधतोय.’

कालिंदीताईंनी लॅपटॉप मिटला. मग उठून दाराची साखळी पाहिली. लावलेलीच होती.

ललिताबाईंना फोन लावायला त्यांना तासभर लागला. पलीकडून तो खणखणीत आवाज आलाच नाही.

“कालपासून फोन येतायत, ताई. उचलला की कुणी बोलत नाही. सकाळी दोन माणसं नाक्यावर विचारत होती, कॉम्प्युटरवर लिहिणारी बाई कुठे राहते म्हणून. सून म्हणते, काय गरज होती? मी नंबर पुसला हो. आता ठीक ना?”

 त्या कोशात पुसलेलं पुसलं जात नाही. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो आणि त्यात प्रत्येक जुनी आवृत्ती जशीच्या तशी राहते. हे कालिंदीताई दर शनिवारी कौतुकाने सांगत आल्या होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पुसून जात नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाहिला होता नंबर.”

 “पाहिला होतात?” ललिताबाईंनी एवढंच विचारलं.

जुन्या आवृत्त्या झाकायचा अधिकार कोशाची देखरेख करणाऱ्या प्रचालकांना असतो. हितेंद्र नावाचा एक प्रचालक त्यांना ठाऊक होता. इतकी वर्षं दोघं फक्त लिहून बोललेले. त्यांनी त्याला ईमेल केला, स्वतःचा नंबर दिला आणि पंधरा मिनिटांनी अनोळखी नंबरावरून आलेला फोन पालथा न ठेवता उचलला.

“बोरूशाई? तुम्ही बाई आहात?” तो चकित झाला. मग गंभीर झाला. “आत्ता झाकतो. त्या खात्यालाही बंदी घालतो. पण ज्याने नंबर पाहिलाय त्याच्या डोक्यातून मला पुसता येणार नाही. पोलिसांत जा. छापील प्रती घेऊन जा.”

दुपारी त्या टॅक्सीने शीवला गेल्या. वाटेत दोनदा ड्रायव्हरला परत फिरवा म्हणावंसं वाटलं. ललिताबाई चौकीबाहेर सुनेबरोबर उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार केला नाही. मग कालिंदीताईंचा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात धरला. दोघींचेही हात गार पडले होते.

हवालदाराने कागद उलटसुलट पाहिले. “तुम्ही कोण यांच्या?”

“मी यांना लिहायला शिकवते.”

“साक्षीदार म्हणून नाव लागेल. पूर्ण नाव, पत्ता.”

कालिंदीताईंनी बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे एक माणूस मोटारसायकलवर नुसता बसून होता. कदाचित कुणाची वाट बघत असेल. कदाचित नसेल.  मग त्यांनी सांगितलं, “कालिंदी मनोहर टिपणीस,” आणि पुढे इमारत, मजला, खोली क्रमांक, सगळं. आवाज इतका बारीक होता की हवालदाराने ते पुन्हा विचारलं आणि त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

तक्रार नोंदवली गेली. फोन आठवडाभर येत राहिले, मग थांबले. कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते वाक्य लेखात आहे. आता तो लेख नव्या खात्यांना बदलता येत नाही.

ललिताबाई मात्र वर्गाला आल्या नाहीत. पुढच्या शनिवारी कालिंदीताईंनी फळ्यावर लेखाबद्दल काहीच लिहिलं नाही. स्वतःबद्दल काय लिहू नये, तेवढंच आधी सांगितलं आणि का ते सांगताना आपली चूकही सांगितली. मागे बसलेली एक बाई पर्स उचलून निघून गेली. त्यांनी तिला थांबवलं नाही.

दोन महिन्यांनी एका नव्या सदस्याने खाडीतल्या मासळीच्या नावांची यादी घालायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला संदर्भ होता, सदस्यपान कोरं होतं. कालिंदीताईंना वाटलं, विचारावं, तुम्हीच ना? बोटं कीबोर्डवर गेलीही. मग त्यांनी फक्त ‘स्वागत’ लिहिलं आणि यादीतली एक वेलांटी दुरुस्त केली.