बाबांची पारशिवनीची बोली

बाबांना जाऊन महिना उलटून गेला. त्या सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते गॅलरीतल्या खुर्चीत टेकून बसले होते, चष्मा डोळ्यांवर, मान जराशी कललेली... डुलकी लागली असेल असंच वाटलं. ज्या हृदयाला आम्ही इतकी वर्षं जपलं, त्याने जाताना त्यांना त्रास दिला नाही, एवढं समाधान आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे. नागपुरातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. मी उमरेडची. लग्न होऊन आले तेव्हा ‘मले, तुले’ असंच बोलायची. “मले नाही, मला म्हण,” ते जेवतानासुद्धा सांगायचे. आवाज कधी चढला नाही, पण मी त्यांच्यासमोर बोलणंच कमी केलं. तेही पारशिवनीजवळच्या खेड्यातले, हे मला सासूबाईंकडून फार उशिरा कळलं. शहरातल्या शाळेत मुलं हसली, म्हणून घरची ‘मले, तुले’ची बोली त्यांनी लहानपणीच टाकून दिली होती.

मग त्यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, जखमही भरली, पण घरी आलेले बाबा वेगळे होते. पेपरचं एक पान वाचून खाली ठेवायचे आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा उचलायचे. भेटायला आलेल्याचं नाव ओठांपर्यंत येऊन अडायचं. डॉक्टरांनी समजावलं, की एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः या वयात, काहींची स्मरणशक्ती आणि विचार मंदावतात. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, धीर धरा. पण ज्या माणसाने जन्मभर शब्दच शिकवले, त्यालाच शब्द सापडेनात... बाबा कोणाला भेटेनासे झाले.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. मी गेले तर ते रिकाम्या पेल्याकडे बघत होते, कपाळावर घाम. बराच वेळ धडपडले आणि एकदम म्हणाले, “मले पाणी दे वं!”

मी बघतच राहिले. तेही दचकले. मग माझ्याही तोंडून आपसूक निघालं, “देतो ना बाबा, काहून घाबरून राहिले?” आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ते हसले.

त्यानंतर आमचं जमलं. दुपारी मी भाजी निवडायची आणि ते पारशिवनीकडच्या गोष्टी सांगायचे. पुस्तकी शब्द अडला, की बोलीतला आपणहून पुढे यायचा. पुढे जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा मात्र ते नाहीच म्हणाले. “माह्याशी बोलता तसंच बोला,” मी म्हटलं.

ते कार्यक्रमाला आले. सुरुवात नेहमीच्या शुद्ध मराठीत केली आणि लगेचच अडले. माझा नवरा सावरायला उठू लागला, तेवढ्यात बाबांनी माईक घट्ट धरला. “पोरांनो, मले आठवूनच नाही राहिलं. तुम्हाले जन्मभर टोकलं, अन आता माह्याच तोंडून ‘मले’ निघून राहिलं... पण खरं सांगू, लय बरं वाटून राहिलं!” टाळ्या थांबेनात. मग ते भरपूर बोलले. परतताना गाडीत, घर जवळ आल्यावर हळूच म्हणाले, “बोलता बोलता माह्या मायचा आवाज आला वं.”

पुढे त्यांची स्मरणशक्ती बरीच सुधारली. काही नावं परत आली नाहीत ती नाहीतच. शुद्ध मराठी परत आली, पण घरात त्यांनी ती फारशी वापरली नाही.

अलीकडे ते एकटेच बाजारात जात, आणि काय आणायचं ते विसरले, की फोनवर आवाज रेकॉर्ड करून मला पाठवत. त्यातला एक मी जपून ठेवलाय. भाजीवाल्यांचा कालवा, आणि त्यात बाबा: “ते वं... हिरवं... वरणावर टाकतो ते...” मग बराच वेळ तो शब्द सापडत नाही. त्या शोधण्यात घाबरणं नाही, लाज नाही. कोणाशी तरी ते मजेत दोन शब्द बोलतातसुद्धा. आणि मग, “सांभार! सापडला वं, सापडला!” कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात.

स्वयंपाक करताना घर फार गप्प वाटलं, की मी तो आवाज लावते. उत्तर मला ठाऊक असतं. तरी त्यांचं त्यांना सापडेपर्यंत हातातलं काम थांबवून उभी राहते.