तारखेची एसटी

बांधावरून माझ्या वडिलांची, अण्णांची, आणि चुलतकाकांची केस मी शाळेत होते तेव्हापासून चालू होती. समोरासमोर दारं, पण दोन्ही घरांत कडक अबोला. तारखेच्या दिवशी मात्र दोघं एकाच एसटीनं तालुक्याला जायचे. एकदा मी सोबत गेले आणि थक्कच झाले. फाटा मागं पडला तसे काका अण्णांच्या बाकावर येऊन बसले. आईनं दिलेला डबा उघडला, दोघं एकाच भाकरीचा तुकडा मोडून लहानपणीच्या गमती सांगत खिदळत होते. कोर्टासमोर मिरचीभजी झाली. परतताना फाट्यावर उतरले, की एक पुढं, एक मागं, जशी काही ओळखच नाही! मला हसूही आलं आणि रागही. म्हातारी पोरंच ही.

मागच्या वर्षी कोर्टाच्या नव्या इमारतीसाठी आमच्या गावचं गायरान सुचवलं गेलं. त्याला ग्रामसभेची मंजुरी हवी होती. माझं नाव अजून गावच्याच मतदारयादीत, म्हणून लातूरहून मुद्दाम गेले. गाव खुशीत होतं. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले आणि मारुतीच्या पारासमोर हातच हात झाले. खाली राहिले ते अण्णांचे आणि काकांचे.

"का हो? तुमालाच तर लई सोयीचं हाय," सरपंचबाई म्हणाल्या.

 काका बोलले, "कोर्ट इथंच आलं तर एसटी बंद. मग आमी दोघांनी बोलायचं कुठं?"

  तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आईचा आवाज आला, "माझ्या घरी बोला की! इतकी वर्सं डब्यात दोघांच्या भाकरी काय उगंच बांधून देत आले?"

हशाचा नुसता गडगडाट झाला. काकूसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. अण्णांनी काकांकडं पाहिलं आणि दोघांचे हात एकदमच वर गेले.

गायरानात पाया खोदायच्या आधीच दोघं केस मागं घ्यायला गेले, अर्थात त्याच एसटीनं. संध्याकाळी फाट्यावरून बरोबरीनं चालत आले. काका आमच्या उंबऱ्याशी क्षणभर थबकले, मग आत आले आणि म्हणाले, "वहिनी, आज भाकरी ताटात वाढा."