मिरच्यांचा ठसका

मंडळी, घाईघाईत टाईप करतेय. दुपारी माझी लेक म्हणाली, “आई, भिंतीतून कोणीतरी मला हाक मारतंय गं.”

ऐंशीच्या दशकात, घाटकोपरच्या चाळीत, माझी आत्या अगदी हेच म्हणायची. आजीने मिरच्या ओवाळून जाळल्या. कोणालाच ठसका लागला नाही, म्हणजे नजरच लागलीये, असं ठरवून सगळे निवांत झाले. डॉक्टरला दाखवलंच नाही. आत्या शेवटपर्यंत भिंतीशी बोलत राहिली.

हा मेंदूचा आजार असू शकतो, घराण्यात असू शकतो, त्यावर औषधं आहेत, सगळं मला माहितीये. तरी आज आधी मिरच्याच जाळल्या.

खोकून खोकून जीव गेला. नजर नाहीये.

उद्या डॉक्टरकडे नेतेय. पोरीला काय सांगून नेऊ? लवकर सांगा ना. आतल्या खोलीत ती एकटीच आहे, आणि आत्ताच तिने कोणालातरी ओ दिली.