हात ठेवलेलं कापड

तोंडात दंतमंजन, हातात लोटा आणि कमरेला टॉवेल, अशा अवतारात मी पहिल्यांदा शेजारच्या शिंपीमास्तरांच्या घरात शिरलो. शिक्षक म्हणून लाखनीला बदली होऊन मला आठवडाही झाला नव्हता. पहाटे पाचच्या सुमारास बांबूच्या तट्ट्याच्या कुंपणापलीकडून माझं नाव ऐकू आलं, अगदी आडनावासकट. नव्या शेजाऱ्याची काही अडचण असेल म्हणून धावलो आणि दारातूनच म्हणालो, "बोला, काय झालं?"

कंदिलाजवळ नवरा-बायको डोळे मिटून बसले होते. समोरच्या बाकावर कापडाच्या घड्या ओळीनं मांडलेल्या, आणि मास्तरांचा हात मी शिवायला टाकलेल्या पायजम्याच्या कापडावर. त्यांनी सावकाश 'आमेन' म्हटलं, मग डोळे उघडून हसले.

"तुमाले नाई, गुरुजी. वरच्याले सांगून राहिलो होतो. आज तुमचा पायजमा आहे ना."

मंजन गिळून मी परत आलो.

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर ते एकच. लहानपणी मास्तर मिशनच्या बागेत झाडांना पाणी घालत वाढले. तिथं त्यांना शिंप्याची कात्री आली, अक्षर आलं नाही. बायको मिशनच्या दवाखान्यात आया होती, ती वाचायला शिकली. म्हणून सकाळची वाटणी ठरलेली. तिनं शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक पान मोठ्यानं वाचायचं. मग यांनी त्या दिवशी शिवायच्या एकेका कापडावर हात ठेवायचा, मालकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी जे मागायचं ते मागायचं. मग कोरा चहा, मग मशीन. दिवसभरात उरकतील तेवढीच कापडं बाकावर यायची, आणि जी आली ती संध्याकाळी शिवून तयार. दिवाळीचा सदरा दिवाळी सरल्यावर देणारा शिंपी तुमच्याही गावात असेल. आमच्याकडे तो नव्हता.

दुपारी कुणी घाईचं काम घेऊन आलं की मान हलायची. "आज नाई जी. देवाले सांगून बसलो. सांजेले त्याले काय तोंड दाखवू?"

एक किराणा दुकानदार शहाणा निघाला. तो पहाटेच कापड घेऊन बाकाजवळ हजर झाला. मास्तरांनी त्याच्याही कापडावर हात ठेवला आणि त्याची मूळव्याध बरी व्हावी म्हणून खणखणीत आवाजात प्रार्थना केली. आमची गल्ली पहाटे जागी असते, हे त्याला ठाऊक नसावं. पुन्हा तो दुपारीच येऊ लागला.

हे सगळं पाहून मलाही स्फुरण चढलं. पाचला उठणे, श्लोक, वाचन, असं वेळापत्रक मी भिंतीवर डकवलं. दुसऱ्या दिवशी ते वाचलं तेव्हा साडेसात झाले होते.

पोळ्याच्या आधी मास्तरांची बायको गेली. दोन दिवसांच्या तापानं. महिनाभरानं ते कुंपणाशी आले आणि बराच वेळ तट्ट्याची एक काडी सरळ करत राहिले.

"गुरुजी, सकाळी एक पान वाचून द्याल का? वाचल्याबगर कापडावर हात ठेवाले जीव होत नाई. अन् हात ठेवल्याबगर मशीन चालत नाई."

मी तीन आठवडे गेलो. माझा आवाज वर्गातला. एकदा त्यांनी मला हळूच थांबवलं, "जरा बारीक वाचा जी. तो बहिरा नाई." पुढं कापडांवर हात फिरायचा. सगळी संपली की बाकाच्या रिकाम्या टोकावर हात ठेवून ते माझं नाव घ्यायचे. तिथं माझं कापड नसायचं.

मग एके दिवशी हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "गुरुजी, मग ख्रिस्ती होऊन नवीन नाव काय ठेवलं?" सगळे हसले. मीही हसलो. गंमतच होती ती. पण दुसऱ्या पहाटे कुंपणापलीकडून त्यांचा खोकला आला, नेहमीची खूण, तेव्हा मी चादर डोक्यावर ओढली आणि बायकोला म्हटलं, ताप आहे म्हणून सांग.

"झोपू द्या, बाई," ते तिला म्हणाले.

माझा ताप आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी खोकला आला नाही. मला हायसं वाटलं, हेही इथं लिहून ठेवतो.

कंदील मात्र रोज लागायचा. तट्ट्याच्या फटीतून दिसायचं, पुस्तक मांडीवर उघडं, आणि ते एकेका ओळीवरून बोट फिरवताहेत. मग पुस्तक मिटायचं. बाकावरची कापडं तशीच. 'सांजेले' म्हणणारा माणूस 'उद्या या' म्हणू लागला, आणि दिवाळी जवळ आली तशी लोक आपापली कापडं परत न्यायला लागले. मीही मुलाच्या सदऱ्याचं कापड मागायला गेलो. त्यांनी ते पुन्हा नीट घडी करून दिलं.

"ताप उतरला का जी?"

"उतरला," मी म्हणालो.

दिवाळीनंतर, गावात मंडईची जत्रा भरायच्या आत, त्यांचा वरठीचा पुतण्या बैलगाडी घेऊन आला. त्यानं मशीन चढवलं, बाक चढवला. मास्तर पुस्तक मांडीवर घेऊन मागं बसले. मी त्या वेळी शाळेत होतो. शाळा तशी सुटलेली होती, पण मी शाळेत होतो.

संध्याकाळी पानावर बसल्यावर मी बायकोला म्हटलं, इतकं मनाला लावून घेऊ नये माणसानं. मी नाही तर दुसरा कुणी वाचणारा बघायचा होता. गावात काय वाण आहे?

ती चुलीपुढं भाकर फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले वाचता येत असतं, तर मी गेली असती."