तोंडातल्या टाचण्या

जिन्याखालच्या त्या दुकानात शिवायला टाकलेला कपडा वेळेवर मिळेल, अशी आशा धरणारं माणूस गल्लीत शोधून सापडलं नसतं. शिंपीणबाईंचा हात मात्र असा, की बाही बसवावी ती त्यांनीच. पण कधी मिळेल विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्या." आजही उद्या आणि उद्याही उद्या! म्हणून नावच पडलं उद्याबाई. बाई त्या नावाला खुशाल ओ देत. वर ऐकवत, "घाई असेल तर घ्या की बाजारातून तयार!"

दुकान ते केवढं, एक मशीन, एक कपाट, चिंध्यांचं पोतं आणि कोपऱ्यात माप घ्यायला लावलेला फुलाफुलांचा पडदा. पडद्याआड बाई आणि गिऱ्हाईक उभं राहिलं की तिसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. माप घेताना बाईंच्या ओठांत टाचण्या धरलेल्या. त्यामुळे समोरचं काहीही बोलो, बाईंचं उत्तर "हं." नवऱ्याची कागाळी सांगा, "हं." सासूच्या नावाने बोटं मोडा, "हं." बायकांना ते बरंच वाटायचं. मन मोकळं होतं आणि उपदेश ऐकावा लागत नाही.

आजूबाजूच्या इमारतींचे जिने झाडणारी एक बाई होती. तिची मुलगी टकळी. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं, कारण पोरीचं तोंड सकाळी सुरू झालं की झोपेतच मिटायचं. शाळेतून येताना ती दुकानात घुसायची, चिंध्या वेचायची आणि बाईंचं डोकं खायची. "काकू, बोटावरून मशीन गेलं तर बोटाला शिवण पडते का हो?" बाई खेकसायच्या, "ऊठ, पळ घरी!" आणि जाताना निवडक चिंध्यांची पिशवी तिच्या हातात कोंबायच्या.

एक दिवस जिनेवाली टकळीला घेऊन आली. बरोबर एक नीटनेटकी बाई. लांबच्या नात्यातली म्हणे, आणि बोलणं इतकं मऊ की ऐकतच राहावं. मोठ्या शहरात, चांगल्या घरी मूल सांभाळायचं काम, शिवाय शाळाही तिथेच. जिनेवालीचे गुडघे कधीच गेले होते. लेकीच्या हातात झाडू येऊ नये, एवढंच त्या माउलीचं मागणं. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"ताई, नवा ड्रेस शिव हिला. उद्या सकाळची गाडी आहे. तुझं ते उद्या-उद्या आज नको गं, पाया पडते. आणि आत जास्तीचं कापड ठेव, वाढत्या अंगाची आहे."

"कशाला?" ती मऊ बोलणारी हसली. "अंगाबरोबर बसू दे. तिथे नवे मिळतीलच."

पडद्याआड टकळी हात पसरून उभी राहिली, चक्क गप्प. मग हळूच म्हणाली, "काकू, वाटेत कुणी विचारलं तर मी त्यांचीच मुलगी असं सांगायचं, म्हणतात. आणि पत्ता म्हणे नंतर कळवू. असं का हो?"

बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. खांद्यावर टाचलेलं कापड मनासारखं बसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "हं."

आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, जन्मात पहिल्यांदा त्यांनी कपडा वेळेवर दिला! सकाळी टकळी तोच घालून गेली. गल्लीने थट्टा केली, कौतुक केलं, आणि बाईंनाही मनातून गुदगुल्या झाल्या.

त्यानंतर टकळीचा आवाज कुणी ऐकला नाही. मऊ बोलणारीने दिलेला नंबर लागेना. ती नात्यातली म्हणवणारी कुणाच्याच नात्यातली निघाली नाही. पोलीस चौकीत जिनेवालीजवळ द्यायला ना त्या बाईचा पत्ता, ना फोटो. हवालदाराने विचारलं, "मुलगी जाण्याआधी कुणाशी काही बोलली होती?"

शेजारी बसलेल्या उद्याबाईंनी टकळी पडद्याआड जे बोलली ते सांगितलं. जिनेवाली त्यांच्याकडे वळली. "मग तू काय म्हणालीस, ताई?"

पोरीने विश्वासाने विचारलं आणि आपण नुसता हुंकार भरला, हे आईच्या तोंडावर कसं सांगायचं?

त्या दिवसापासून बाईंच्या तोंडात टाचणी नाही. मनगटाला कापूस भरलेली गादी बांधली आणि टाचण्या तिच्यात खोचायला लागल्या. तोंड मोकळं झालं आणि चौकशा सुरू झाल्या. कुणाची पोर बाहेरगावी निघाली की कुठे, कुणाबरोबर, कुणी जागा पाहून आलंय का? गल्ली वैतागली. "कपडा शिवायचाय की जबानी द्यायचीय?" बाया तोंड वाकडं करत. बाई काही बधल्या नाहीत.

पुढे एकदा चपला शिवणाऱ्याची भाची आली, आईबाप नसलेली, मामाकडे वाढलेली. बरोबर मामी आणि एक गुळगुळीत दाढी केलेला तरुण. शहरातल्या मोठ्या हॉटेलात कामाला लावतो म्हणत होता, पत्ताही घरी देऊन ठेवला होता. प्रश्न पोरीला विचारला की उत्तर तो देई. "मावशी, आज संध्याकाळपर्यंत झालाच पाहिजे हां."

पडद्याआड मात्र त्याला येता येईना. बाईंनी टेप खांद्याला लावला आणि आवाज खाली आणला. "कागदपत्रं कुठायत तुझी?"

"त्यांच्याजवळ. माझ्याकडून हरवतील म्हणतात."

"ओळख कुठली?"

"फोनवरची."

बाईंनी टेप गुंडाळला. बाहेर येऊन मात्र त्या साळसूदपणे म्हणाल्या, "उद्या." त्याने गळ घातली, आवाज चढवला. "मशीन बिघडलंय बाबा, काय करू?" ते तिघं वळले तशी बाईंनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि थेट तिच्या मामाला गाठलं. दोघांनी मिळून मुलांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला, मग चौकीत गेले. चौकीतून त्या शहरात विचारणा झाली. त्या पत्त्यावर हॉटेल नव्हतंच, कुलूप लावलेलं गोदाम होतं. तरुणाला कुठून वास लागला देव जाणे, तो पुन्हा फिरकला नाही.

आभार? कसले आभार! मामीने भर गल्लीत तोंडसुख घेतलं. पोर दुकानाच्या दारात येऊन रडली, "सुटले असते मी या घरातून. तुमचं काय जात होतं?"

"दे शिव्या," बाई म्हणाल्या. "रोज इथे येऊन दे." आणि त्यांचेच डोळे भरून आले. ही शिव्या द्यायला समोर होती, एवढंच त्यांना पुरे होतं.

जिनेवाली दर वर्षी कापड घेऊन येते, टकळीच्या वाढदिवसाच्या सुमारास. आधी म्हणायची, बोटभर वाढव. मग म्हणायची, बाही लांब कर. शिवलेले सगळे ड्रेस तिच्या ट्रंकेत आहेत. यंदा ती आली आणि पडद्याआड स्वतःच हात पसरून उभी राहिली.

"माझंच माप घे, ताई. आता माझ्याएवढी झाली असेल."

बाईंनी टेप लावला. खांदा, बाही, उंची, सगळं माप घेतलं. मग म्हणाल्या, "कधी देऊ गं?"

"सावकाश दे," जिनेवाली म्हणाली. "घाई नाही."