राहुकाळ संपेपर्यंत

“देवानेच वाचवलं. दोन बोटांवर निभावलं,” मूर्ती सर फोनवर कोणाला तरी कन्नडमध्ये सांगत होते. मी त्यांच्या केबिनबाहेर रजिस्टर छातीशी धरून उभी होते. दार ढकलायला हात उचलवत नव्हता.

बंगळुरूत येलहंक्याजवळच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. तिथे पत्र्याचे सुटे भाग बनतात. मूर्ती सर तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर होते. बोटं गेली होती सिद्दप्पा अण्णांची. वीसेक वर्षं ते प्रेस चालवत होते.

प्रेसमध्ये पत्रा खाली ठेवायचा, वरून साचा आदळतो. हात आत सापडू नये म्हणून समोर लाइट कर्टन असतो. दोन खांबांमधला, न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. किरण अडला की प्रेस जागीच थांबते. दुरुस्तीच्या वेळी हा पडदा बंद करायला एक बायपास किल्ली असते. ती माझ्या ताब्यात. कोणी नेली, कधी परत आली, हे रजिस्टरमध्ये लिहायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सगळ्या मशीनना हळदकुंकू लागलं. ऑफिसातली एकटी मुलगी म्हणून ते मीच लावलं. प्रेससमोरच्या त्या दोन खांबांनाही लावलं. किरण सोडणाऱ्या लेन्सवर कुंकू गेलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सुट्टी संपून सोमवारी आठच्या शिफ्टला प्रेस सुरू होईना. कुंकवाने किरण अडले होते. ओल्या फडक्याचं काम होतं.

“नऊपर्यंत राहुकाळ आहे, मॅडम,” अण्णा म्हणाले. “देवीचं कुंकू आत्ता कशाला पुसायचं? नऊनंतर पुसतो.”

“सरी, ठीक आहे. मग तासभर बायपास,” मूर्ती सर म्हणाले. “किल्ली आण.”

राहुकाळ मी मानते की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. पण फडकं मीही उचललं नाही. किल्ली दिली.

नऊला ती परत मागायला गेले. मूर्ती सर चार माणसांशी बोलत होते. मी थोडा वेळ बाजूला उभी राहिले आणि परत आले. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये पडायचं मला शाळेपासून जमत नाही. प्रेस चालूच राहिली, कुंकू कोणीच पुसलं नाही. अकराच्या सुमारास अण्णांचा आवाज आला. ते ओरडले नाहीत. “अम्मा” एवढंच म्हणाले.

केबिनमध्ये मूर्ती सरांनी मला खुर्ची दिली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

“परतीची वेळ नऊ टाक. नंतर सिद्दप्पांनी स्वतःच तार जोडून कर्टन बंद केला, असं रिपोर्टमध्ये लिही.”

“त्यांनी तार जोडली नाही, सर.”

“मग तुझं नाव लिहू? सेफ्टी ऑफिसर म्हणून तुला पुन्हा कोण घेईल? त्यांचं काय, रिटायर व्हायला आलेत. उद्या दहाला मीटिंग आहे. तोवर भरून ठेव.”

ऑपरेटरची चूक ठरली की आमच्याकडे त्याला कामावर परत घेत नाहीत. हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं.

संध्याकाळी रजिस्टर पिशवीत घालून घरी गेले. बसमध्ये पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आईला सगळं सांगितलं. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. देवीचं नाव घेतल्याशिवाय आई गॅससुद्धा पेटवत नाही.

“ज्यांनी देवीचा एवढा मान राखला, त्यांचाच हात का?” मी विचारलं.

मला वाटलं, ती कर्म वगैरे काहीतरी सांगेल. ती वाती वळत राहिली.

“मला नाही ठाऊक,” ती म्हणाली. “तिलाच विचार. भांड हवं तर. तिच्याशी नाही भांडायचं तर कोणाशी?”

देवघरासमोर बसले. हात जोडले. नोकरी राहू दे, असं मागायला गेले आणि तोंडून दुसरंच आलं. नऊ वाजता तू कुठे होतीस? विचारलं मात्र, आणि आठवलं की नऊ वाजता मी प्रेसपासून दहा पावलांवर होते. देवीकडून उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मी तिला रोज नमस्कार करते, रोज विचारते.

पुढे काय झालं ते आधीच सांगते. मला लेखी ताकीद मिळाली, मूर्ती सरांना दुसऱ्या प्लँटला पाठवलं. अण्णा आता स्टोअर सांभाळतात, डाव्या हाताने लिहायला शिकलेत. आणि पूजेनंतरच्या पहिल्या शिफ्टआधी लेन्स पुसायची असा नियम झाला, मग वेळ कोणतीही असो. नियम अपघातानंतरच होतात, हे या धंद्यात लवकर कळतं.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या मीटिंगमध्ये मूर्ती सर माझ्या समोरच बसले होते. प्लँट हेडनी रजिस्टर मागितलं. परतीचा रकाना कोरा होता.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

पहिले दोन शब्द मलाच ऐकू आले नाहीत, म्हणून पुन्हा सुरुवात केली.

“किल्ली अकरापर्यंत मशीनमध्येच होती, सर. परत घ्यायचं काम माझं होतं. मी गेले होते, पण मागायला घाबरले.”